न्यूझीलंडला हरणाच्या शिकारीला जरूर जा, पण सहा लाखांचं लोन काढून नको

नमस्कार दादा,

तुमचा मेल सावकाश दोनदा वाचला. बाकीच्या वाचकांना संदर्भ लागावा म्हणून आधी तुमची परिस्थिती थोडक्यात मांडते. तुम्ही कोल्हापूरचे, वय ३८, शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत नोकरी, महिन्याला हातात ७८ हजार. वहिनी शिक्षिका, त्यांचे ३२ हजार. मुलगी नऊ वर्षांची. घराच्या लोनचा हप्ता २४ हजार, तिच्या कॉलेजसाठी १५ हजारांची एसआयपी चालू आहे आणि अडीनडीला म्हणून २ लाख १० हजारांची एफडी. कॉलेजपासून रायफल शूटिंगचा नाद, पॉइंट टू टू रायफलचा परवाना तुमच्या नावावर आहे, राज्य स्पर्धा खेळलाय, आणि आजोबांकडून दाजीपूरच्या जंगलातल्या जुन्या शिकारीच्या गोष्टी ऐकत मोठे झालात. आता न्यूझीलंडला जाऊन रेड डिअरचा मोठा नर मारायचा असं मनात आहे. तिथल्या एका शिकार कंपनीने पाच दिवसांचं ९,८०० न्यूझीलंड डॉलरचं कोटेशन पाठवलंय. पैशाची सोय म्हणजे ६ लाखांचं पर्सनल लोन, चार वर्षं, १३ टक्के, वर दिवाळीचा १ लाख ८० हजार बोनस, आणि हप्ता झेपावा म्हणून चार वर्षं एसआयपी बंद. तुमचा मामेभाऊ तिकडे ॲशबर्टनजवळ डेअरी फार्मवर कामाला आहे हे तुम्ही मेलच्या अगदी शेवटी एका ओळीत लिहिलंय, माझ्या दृष्टीने सगळ्या मेलमधली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच आहे. आणि अजून एक, लोनचं वहिनींना अजून सांगितलेलं नाही, आई माळकरी आहेत त्यांना तर काहीच नाही.

तुम्ही जावं असं मला मनापासून वाटतं. फक्त या पॅकेजवर आणि या लोनवर जाऊ नये. आता का ते सांगते.

आधी शिकारीबद्दल बोलते, कारण हा विषय काढला की आपल्याकडे लोक लगेच तोंड वाकडं करतात आणि तुम्हीही मेलमध्ये चार वेळा माफी मागितलीय. मागायची गरज नाही. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली ते योग्यच झालं, आपली सांबरं-चितळं या जंगलातली आहेत, त्यांच्यावर वाघ-बिबटे जगतात. न्यूझीलंडची गोष्ट उलटी आहे. तिथे माणसं यायच्या आधी जमिनीवरचा सस्तन प्राणी म्हणजे फक्त वटवाघूळ. हरणं एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी बोटीतून आणून सोडली, शिकारीची हौस म्हणूनच, त्यांना खाणारं जनावर तिथे कुठलंच नव्हतं, मग ती बेसुमार वाढली आणि जंगलाची नवी रोपंच खाऊन टाकायला लागली. १९३० च्या दशकापासून सरकारने पगारी माणसं नेमून हरणं मारून घेतली, पुढे हेलिकॉप्टरमधून मारली. आजही तिथलं निसर्ग संवर्धन खातं (डिपार्टमेंट ऑफ कॉन्झर्वेशन), ज्याला सगळे डॉक म्हणतात, ते सामान्य शिकाऱ्याला सरकारी जंगलात हरण मारायचा परवाना फुकट देतं. ऑनलाइन भरायचा, पैसे शून्य. बहुतेक ठिकाणी बंदीचा मोसमही नाही, वर्षभर चालू. आता ही गोष्ट डोक्यात ठेवून तुमच्या कोटेशनकडे परत बघा.

९,८०० डॉलर कशाचे आहेत? मी तो कागद ओळन् ओळ वाचला. ते पैसे शिकारीचे नाहीत, शिंगांचे आहेत. पॅकेज खाजगी कुंपणाच्या इस्टेटीवरचं आहे, तिथे मोठ्या शिंगांचे नर खास जोपासलेले असतात आणि शिंगांच्या मापावर किंमत ठरते. खाली बारीक अक्षरात दोन अटी आहेत त्या तुम्ही वाचल्यात का मला माहीत नाही. पहिली, तुम्ही मारलेल्या नराचं माप ठरल्यापेक्षा जास्त भरलं तर वरच्या गटाचा फरक द्यायचा. दुसरी, जनावर जखमी होऊन पळालं आणि सापडलं नाही तरी पूर्ण पैसे द्यायचे. या अटी त्या धंद्यात सगळीकडे असतात, त्यात फसवणूक काही नाही, पण याचा अर्थ असा की ९,८०० हा तुमचा खर्चाचा शेवटचा आकडा नाही, सुरुवातीचा आहे. आणि कर्ज काढून जाणाऱ्या माणसाला वरची मर्यादा नसलेला खर्च परवडत नाही, कर्जाची मर्यादा तर ठरलेली असते ना.

हिशोब करू. डॉलर ५२ रुपये धरते, तुम्ही बुक कराल तेव्हा थोडा इकडेतिकडे असेल. पॅकेजचे झाले ५ लाख ९ हजार ६००. मुंबई ते क्राइस्टचर्च जाऊन येऊन तिकीट, थेट विमान नाही त्यामुळे सिंगापूर किंवा तसं कुठून तरी, मी सव्वा लाख धरते. व्हिसा आणि पर्यटक कर मिळून २४ हजार (हा कर १ ऑक्टोबर २०२४ पासून ३५ वरून एकदम १०० डॉलर केलाय त्यांनी). इन्शुरन्स ९ हजार, थंडीचे कपडे बूट २० हजार, क्राइस्टचर्चमधलं राहणं आणि इस्टेटीपर्यंतचं येणंजाणं ३० हजार. बेरीज ७ लाख १७ हजार ६००. तुमची सोय ७ लाख ८० हजारांची, म्हणजे कागदावर बसतंय असं वाटतं. पण यात शिंगं धुऊन तयार करून भारतात पाठवायचे पैसे नाहीत, ते पॅकेजमध्येही नाहीत, ते धरले की तुम्ही आठ लाखांच्या पुढे गेलात. आणि खरं सांगू का, वन्यप्राण्याची शिंगं आपल्या कस्टम्समधून परवानग्यांशिवाय येत नाहीत, घरी भिंतीवर शिंगं लावायचं स्वप्न असेल तर ते बजेटमधून आजच काढून टाका, पाठवायच्या भानगडीत पडू नका, फोटो काढा.

आता लोन. ६ लाख, १३ टक्के, ४८ महिने, हप्ता १६ हजार ९७ रुपये. एकूण भराल ७ लाख ७२ हजार ६०० च्या आसपास, व्याज पावणेदोन लाखांच्या जवळ. हे तुम्हाला बँकेच्या माणसाने सांगितलंच असेल. त्याने सांगितलं नसेल ते मी सांगते. तुमचा महिन्याचा खर्च तुम्ही दिलाय तसा, घरखर्च ४५ हजार, शाळा ९ हजार, आईंची औषधं आणि विमा ६ हजार, हप्ता २४, एसआयपी १५, झाले ९९ हजार, १ लाख १० हजारांतून उरतात ११ हजार. म्हणून तुम्हाला एसआयपी थांबवावी लागतेय. तुम्ही लिहिलंय "चार वर्षांचाच प्रश्न आहे, नंतर परत सुरू करीन". पण ही चार वर्षं कुठली आहेत बघा ना, मुलगी नऊची आहे, कॉलेजला अठराव्या वर्षी जाणार, म्हणजे मधल्या नऊ वर्षांतली पहिली चार, पैशाला वाढायला सगळ्यात जास्त वेळ मिळतो ती. १५ हजार दर महिना चार वर्षं ११ टक्क्यांनी धरले तर साधारण ९ लाख होतात, आणि ते पुढची पाच वर्षं नुसते पडून राहिले तरी ती अठराची होईपर्यंत १५ लाखांच्या घरात जातात. ११ टक्के मिळतीलच अशी हमी मी देत नाही, कोणीच देऊ शकत नाही, ९ मिळाले तरी मुद्दा तोच राहतो. पाच दिवसांच्या शिकारीसाठी तिच्या कॉलेजमधले बारा-पंधरा लाख बाजूला काढणं हे मला पटत नाही, आणि मला खात्री आहे की आकडा असा समोर ठेवला तर तुम्हालाही पटणार नाही. तुम्ही वाईट बाप नाही, तुम्हाला हा आकडा कोणी दाखवलाच नव्हता.

दुसरी गोष्ट एफडीची. तुमचा एसआयपी सोडून महिन्याचा अटळ खर्च ८४ हजार आहे. सहा महिन्यांचे ५ लाख ४ हजार होतात, तुमच्याकडे २ लाख १० हजार आहेत म्हणजे अडीच महिने. फाउंड्रीचं काम गाड्यांच्या धंद्यावर चालतं, तो धंदा मंदावला की शिरोलीत आणि गोकुळ शिरगावात पहिल्यांदा ओव्हरटाइम जातो मग शिफ्ट जाते, हे मी तुम्हाला सांगायला नको, तुम्ही ते जवळून बघितलंय. अशा वेळी घराचा २४ आणि शिकारीचा १६ असे चाळीस हजारांचे हप्ते एका पगारावर कसे भरणार?

म्हणून हे पॅकेज नको. पण इथे थांबले तर माझं काम अर्धं राहील, कारण तुम्ही "स्वस्तात कसं जमेल" हेही विचारलंय, आणि जमतं.

मामेभावाला तुम्ही फक्त राहायच्या सोयीसाठी धरलंय. तुम्हीच लिहिलंय की तो चार वर्षांपासून तिथला बंदुकीचा परवाना घेऊन सुट्टीच्या दिवशी डोंगरात जातो आणि फ्रीजर मांसाने भरून ठेवतो. अहो मग तुम्हाला अजून काय पाहिजे! ॲशबर्टन कँटरबरीच्या सपाटीवर आहे, मागे हाकातेरेचं सरकारी संरक्षित क्षेत्र आहे, उत्तरेला लेक समनरचं जंगल आहे, दोन्हीकडे रेड डिअर आहेत आणि दोन्हीकडे डॉकचा फुकट परवाना चालतो. कुंपण नाही, माप नाही, जनावराचे पैसे नाहीत. खर्च म्हणजे गाडीचं पेट्रोल, किराणा, काडतुसं, डोंगरातल्या डॉकच्या झोपडीत राहिलात तर तिथलं थोडं भाडं.

फरक एवढाच की इथे जनावर मिळेलच असं कोणी सांगू शकत नाही. चार दिवस चालून पाय तुटतील आणि नुसते खुरांचे ठसे बघून परत याल असंही होऊ शकतं. हे तुम्हाला चालणार आहे का, हा प्रश्न स्वतःला नीट विचारा, कारण माझा पूर्ण सल्ला त्यावर उभा आहे. तुम्ही लिहिलंय की आजोबा सांगायचे, पहाटे वाऱ्याची दिशा बघून चालायचं, काटकी मोडू द्यायची नाही, आणि दहातले आठ दिवस रिकाम्या हाताने यायचं. तुमच्या मेलमध्ये सगळ्यात जीव ओतून लिहिलेला भाग तो आहे, शिंगांबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीय. मला तरी वाचून असं वाटलं की तुम्हाला आजोबांची ती पहाट पाहिजे, आणि ती कुंपणातल्या इस्टेटीत मिळत नाही, ती सरकारी जंगलात फुकट मिळते.

मोसमाचं बोलू. तुम्हाला कंपनीने एप्रिलची तारीख दिलीय कारण मार्चअखेर ते एप्रिल तिथे नर ओरडतात, त्याला ते लोक रोर म्हणतात, तेव्हा नर आवाजावरून सापडतात. पण त्याच वेळी सगळा देश जंगलात शिकारीला उतरतो, चांगल्या काही भागांत तर चिठ्ठ्या टाकून जागा देतात, आणि तुमचं मार्च क्लोजिंग, मुलीची परीक्षा, सगळं त्याच्यावरच येतं. मोठ्या शिंगांचा नर सोडून दिला तर तुम्हाला एप्रिलची गरजच नाही. मेअखेरीस जा. गर्दी ओसरलेली असते, मुलीला सुट्टी असते त्यामुळे घरी वहिनींवर शाळेची धावपळ पडत नाही, आणि मादी किंवा वर्षा-दीड वर्षाचा कोवळा नर, ज्याला ते स्पायकर म्हणतात, तो खायलाही चांगला. हा प्राणी जंगलासाठी कमी करायचा असेल तर मादी मारणंच उपयोगाचं असतं हेही तिथले लोक सांगतात. थंडी असेल, वर बर्फ पडू शकतं, दिवस लहान असतो, हे धरून चाला. ऑक्टोबर-नोव्हेंबरला मात्र मादीच्या शिकारीला जाऊ नका, तेव्हा त्यांचे गाभणपणाचे दिवस भरत आलेले असतात आणि नोव्हेंबरअखेर-डिसेंबरात पाडसं होतात.

परवान्याचं नीट करा, इथे पैसे वाचवायला जाऊ नका. न्यूझीलंडमध्ये परवाना असलेल्या माणसाच्या थेट देखरेखीखाली, म्हणजे तो अगदी शेजारी असताना, विनापरवाना माणूसही साधी रायफल चालवू शकतो. पण तुमच्याकडे इथला परवाना आहेच तर तिथल्या पोलीस खात्याच्या शस्त्र विभागाकडून पाहुण्यांसाठीचा परवाना काढून घ्या, फी तिकिटाच्या मानाने काहीच नाही, दोनेक महिने आधी अर्ज करा. मग डॉकचा परवाना तुमच्या स्वतःच्या नावावर घेता येईल, काडतुसं घेता येतील. रायफल इथून नेऊ नका. तुमची पॉइंट टू टू हरणासाठी उपयोगाचीही नाही, आणि विमानातून शस्त्र न्यायचं म्हणजे दोन देशांची परवानगी आणि एअरलाइनची वेगळी, मधल्या देशाचीही कटकट. मामेभावाची बोल्ट ॲक्शन रायफल वापरा. तुम्ही प्रोन पोझिशनचे, म्हणजे पालथं झोपून नेम धरणारे शूटर आहात, पण पन्नास मीटरवर कागदी टार्गेट आणि दीडशे मीटरवर उतारावर उभं जनावर यात फरक आहे, पहिले एक-दोन दिवस तिकडच्या रेंजवर त्या रायफलच्या धक्क्याची सवय करा. (कोल्हापूरला नेमबाजी शिकवायची कोणी गरज नाही म्हणा, तेजस्विनी सावंत २०१० मध्ये विश्वविजेत्या झाल्या, स्वप्नील कुसाळे राधानगरी तालुक्यातला, २०२४ ला पॅरिसचं ब्राँझ घेऊन आला. पण ते रेंजवरचं झालं.) आणि एक नियम तिथे लहान मुलांनाही पाठ असतो, समोर काय आहे याची शंभर टक्के खात्री झाल्याशिवाय ट्रिगरला बोट लावायचं नाही. झुडपात हललं म्हणून गोळी घातली आणि सोबतचा माणूस गेला, असे अपघात तिथे झालेले आहेत.

एक दिवस मात्र पैसे देऊन गाइड घ्या असं मी म्हणेन. शिंगांसाठी नाही, नुसत्या मांसाच्या शिकारीचा एक दिवस, डोंगर कसा वाचायचा हे शिकायला. त्याचं वेगळं कोटेशन मागवा, मी ४० हजार धरलेत.

तर नवा हिशोब असा. तिकीट सव्वा लाख, व्हिसा आणि कर २४ हजार, इन्शुरन्स ९, पेट्रोल-किराणा-झोपडी मिळून ४५, कपडे-बूट २० (यातले बरेच मामेभावाकडून उसने मिळतील, तरी धरते), काडतुसं, रेंज आणि संकटात सिग्नल पाठवायचा लोकेटर बीकन भाड्याने, हे १२ हजार, गाइड ४०, आणि रुपया घसरला किंवा काही अडलं तर म्हणून १५. बेरीज २ लाख ९० हजार. म्हणजे मूळ बेताच्या निम्म्याहून कमी, आणि यात पंधरा दिवस राहाल, तिकडे पाच होते.

हे पैसे कुठून? या दिवाळीच्या बोनसमधले १ लाख एफडीला जोडा, त्याला ट्रिपसाठी हात लावायचा नाही, ८० हजार ट्रिपच्या नावाने वेगळे ठेवा. महिन्याला उरणाऱ्या ११ हजारांतून ८ हजारांची आरडी बारा महिन्यांची लावा, ९६ हजार आणि वर थोडं व्याज. पुढच्या दिवाळीच्या बोनसमधले १ लाख २० हजार. झाले २ लाख ९६ हजार, एक रुपया कर्ज नाही, एसआयपी चालू. मग त्या दिवाळीनंतर व्हिसाला अर्ज, व्हिसा हातात आल्यावरच तिकीट, आणि मे महिन्यात प्रवास. दीड वर्ष थांबावं लागतंय हे मला कळतं, तुम्ही लिहिलंय की वीस वर्षं वाट बघितली, आता अजून किती. पण पुढच्या एप्रिलला गेलात तर परत आल्यावर साडेतीन वर्षं हप्ते भराल, आणि दर महिन्याच्या पाच तारखेला ही ट्रिप चांगल्या आठवणीसारखी नाही, ओझ्यासारखी आठवेल. माझ्या सख्ख्या भावाने युरोपची ट्रिप अशीच लोनवर केली होती, तो आजही फोटो बघायला काढत नाही. म्हणून मी इतकं कळकळीने सांगतेय.

काही बारीक गोष्टी, पण यातच पैसे जातात. इथल्या ट्रॅव्हल एजंटकडून परदेशाचं पॅकेज घेतलं तर तो टीसीएस, म्हणजे आगाऊ कर कापतो, तो रिटर्न भरताना वळता होतो पण तोवर पैसे अडकतात, तुम्ही तिकीट स्वतः काढताय आणि गाइडला बँकेतून थेट पैसे पाठवताय त्यामुळे तुमच्या रकमेला तो प्रश्न येणार नाही. साध्या क्रेडिट कार्डावर परदेशात खरेदी केली की दोन-साडेतीन टक्के मार्कअप आणि त्यावर जीएसटी लागतो, मार्कअप नसलेलं कार्ड आधीच काढून ठेवा. ऑस्ट्रेलियामार्गे स्वस्त तिकीट दिसलं तर थांबा, आपल्या पासपोर्टला तिथे विमान बदलायलाही ट्रान्झिट व्हिसा लागतो. आणि बूट! दाजीपूरच्या चिखलाचे बूट तसेच बॅगेत टाकून गेलात आणि फॉर्मवर लिहिलं नाही तर विमानतळावरच ४०० डॉलरचा दंड, म्हणजे वीस हजारांच्या वर. बूट घासून धुऊन न्या आणि फॉर्मवर लिहा, खाण्याचा डबा असेल तोही लिहा, चटणी-लोणचं-कुंदा सगळं.

इन्शुरन्स घेताना पॉलिसीत काय वगळलंय ते वाचा, बऱ्याच साध्या ट्रॅव्हल पॉलिसीत शिकार किंवा ठराविक उंचीवरचा ट्रेक बसत नाही. विचारून लेखी घ्या. तिकडे एसीसी नावाची सरकारी व्यवस्था आहे, अपघातात जखमी झालेल्या पाहुण्याच्याही उपचाराचा बराच भाग ती उचलते, पण आजारी पडलात किंवा भारतात परत आणायची वेळ आली तर ती नाही. आणि त्याहून महत्त्वाचं, तुमच्या मेलमध्ये टर्म इन्शुरन्सचं नावच नाही, फक्त कंपनीचं २० लाखांचं ग्रुप कव्हर. घराचं लोन अजून १९ लाख बाकी आहे! हे ट्रिपच्या आधी, या महिन्यात, एक-दीड कोटीचं टर्म कव्हर घ्या, प्रीमियम उरलेल्या ३ हजारांतून भागेल असं बघू. फॉर्मवर छंद विचारतात तिथे शूटिंग आणि शिकार खरंखरं लिहा, लपवू नका.

बाकी देशांचं विचारलंत म्हणून थोडक्यात. टेक्सासमध्ये आपला चितळ आहे, १९३० च्या दशकात नेऊन सोडलेला, तिथे त्याला ठरलेला मोसम नाही, पण जमीन बहुतेक खाजगी त्यामुळे रँचवाल्याला पैसे द्यावेच लागतात, अमेरिकेच्या व्हिसाची रांग वेगळी, आणि टुरिस्ट व्हिसावर आलेल्याला शिकारीचं लायसन्स घेतल्याशिवाय बंदूक हातात धरता येत नाही. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरियाच्या डोंगरात सांबर आहेत, तेही एकोणिसाव्या शतकात नेलेले, चालत जाऊन शिकार वर्षभर चालते. आजोबांच्या गोष्टीतलं जनावर तेच, म्हणून मन ओढ घेईल, पण तिथे तुमचं कोणी नाही, आणि अनोळखी जंगलात एकट्याने सांबर शोधणं हे पहिल्या ट्रिपचं काम नाही. स्कॉटलंडला मादीची शिकार नरापेक्षा स्वस्त असते, तरी इस्टेटीचे पैसे आणि पौंडाचा भाव. तुमच्यासाठी न्यूझीलंडच, कारण मामेभाऊ.

वहिनी आणि मुलीला घेऊन गेलात तर दोघींचे मिळून अजून सव्वातीन लाख धरा, म्हणजे सव्वासहा लाखांच्या घरात. या दीड वर्षात ते बसत नाही, अजून दोन दिवाळ्या थांबलात तर बसेल. हा निर्णय तुम्ही एकट्याने घेऊ नका, त्यांना विचारा, कदाचित त्या म्हणतील तुम्ही जाऊन या, कदाचित म्हणतील थांबूया आणि सगळे जाऊ. पण त्यांना विचारायचं म्हणजे सगळं सांगून, कोटेशन, बोनस, आणि तुम्ही लोनचा फॉर्म भरला होता हेसुद्धा. त्या कमावत्या आहेत, घराच्या लोनवर त्यांची सही आहे, तुमचा हप्ता चुकला तर बँक त्यांनाही फोन करणार. आईंना तुम्ही घाबरताय ते मला समजतं, माझ्या सासूबाई पण माळकरी, घरात अंडं येत नाही. त्यांना पटावं अशी अपेक्षा ठेवू नका, पण दीड वर्ष लपवून ठेवायचं आणि मग फोटोतून कळायचं हे त्यांना जास्त लागेल. तिकडचं जंगल कशामुळे मरतंय ते सांगा, घरी काही आणणार नाही हे सांगा, आणि त्या नाराज झाल्या तर होऊ द्या थोडे दिवस.

कंपनीला नम्रपणे कळवा की तारीख ठेवू नका. अजून ॲडव्हान्स भरला नाही असं तुम्ही लिहिलंय, ते फार बरं झालं, त्यांच्या अटीप्रमाणे निम्मे पैसे परत मिळत नाहीत आणि व्हिसा नाकारला तर काय हे त्या कागदात कुठेच नाही.

आज-उद्या मामेभावाला फोन करा. तिकडे डेअरीचा हंगाम मेअखेर संपतो, गाई आटवतात, आणि १ जूनला बरेच कामगार आणि शेतकरी एका फार्मवरून दुसऱ्या फार्मवर जातात. त्याला विचारा की पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या मेच्या शेवटच्या दहा दिवसांत दूध काढायचं किती असेल, आणि तो तेव्हा ॲशबर्टनलाच असेल का. तो काय म्हणतो ते मला कळवा, त्याप्रमाणे आरडी बारा महिन्यांची ठेवायची की चौदा ते ठरवू.

तुमची,
ताई